मराठी पत्रक

"सर, हे 'नाल्यातले अडथळे हटवणार' थोडं निगेटिव्ह जातंय," मृण्मयी म्हणाली. "काहीतरी सॉफ्ट द्या ना."

शंकरराव गजभारे यांनी चष्मा वर सरकवला. दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर लोकनाथम यांचं प्रचार कार्यालय होतं. महापौरपदासाठी पक्षाने पुढे केलेला माणूस. या परमुलखातल्या शहरातल्या मराठी मतांसाठी मराठी पत्रक हवं, म्हणून या मुलीने शंकररावांना शोधून काढलं होतं. ती मूळची पुण्याची, प्रचाराची कामं घेणाऱ्या कंपनीत नोकरीला. मराठी फडाफडा बोलायची, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळायची. शंकररावांनी मराठी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. मुलंच येईनात म्हणून ती शाळा बंद पडली, त्यालाही सहा वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी मराठीतला एक शब्दही मागायला आलं नव्हतं. त्यामुळे तिचा पहिला फोन आल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून लगेच निघाले होते.

"नाल्याला मोकळा श्वास घेऊ द्या," ते विचार करून म्हणाले. "असं लिहा."

"वा, सर. काय लिहिलंत."

त्यांना बरं वाटलं. वर्गात एखादी ओळ छान समजावून सांगितल्यावर वाटायचं तसं. मग त्यांनी मजकुराचा उरलेला भाग वाचायला घेतला. हे पत्रक फ्लॅटवाल्यांसाठी होतं. आयटीतल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांसाठी. नाल्याच्या काठाने चालायला फरसबंद वाट, बाकं, झाडं. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की यासाठी नल्लकुंट्याच्या मागची एकशे चाळीस घरं शहराबाहेर नेण्यात येतील.

ती एकशे चाळीस घरं म्हणजे पंचशीलनगर. नांदेड-परभणीकडून आलेल्या लोकांनी तीन पिढ्यांत उभी केलेली वस्ती. आणि गेल्याच आठवड्यात याच टेबलाशी बसून शंकररावांनी पंचशीलनगरसाठी पत्रक लिहून दिलं होतं: 'एकही घर हलणार नाही. जिथे आहात तिथेच पक्कं घर.' ते छापून आल्यावर वस्तीत जाऊन मोठ्यांदा वाचूनही दाखवलं होतं.

"मृण्मयी, ही दोन्ही पत्रकं एकाच माणसाची आहेत?"

"हो सर. ऑडियन्स वेगळा आहे ना."

"पण घरं तीच आहेत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून लोकनाथम स्वतः हात पुसत बाहेर आले. ओठाला चटणी लागलेली होती. शंकररावांनी दोन्ही कागद समोर धरले आणि हिंदीत विचारलं, यातलं खरं कुठलं?

लोकनाथम रागावले नाहीत. त्यांनी शंकररावांच्या खांद्यावर हात ठेवला. तो अजून ओलाच होता.

"मास्टरसाब, आप लफ्जां देखो. नक्शे हम देख लेते."

असं म्हणून ते हसले, आणि मृण्मयीही हसली. शंकररावांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. जिना उतरताना शर्टाचा ओला खांदा अंगाला चिकटत होता. त्यांनी तो दोनदा रुमालाने पुसला. त्या माणसाची किळस आलीच होती, पण 'मोकळा श्वास' हे शब्द आपण दिले, तेही खुशीत दिले, याची जास्त आली.

ते तडक पंचशीलनगरात गेले. भामा नुकतीच कामावरून आली होती. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता एका दवाखान्यात आया होती. नवरा वारल्यावर तिने नाल्याला लागून असलेल्या दोन खोल्या एकटीने बांधून काढल्या होत्या.

"जयभीम सर. बसा, च्या टाकते."

"चहा नको. भामा, मागे महापालिकेचे लोक फॉर्म घेऊन आले होते ना, शहराबाहेरच्या घरांचे? तू सही केलीस का?"

"न्हाई की. तुम्ही पत्रक वाचून दावलं ना, एक बी घर हलनार न्हाई म्हनून. मंग कायकू करायची सही?"

"आत्ता चल माझ्याबरोबर. फॉर्म भरू."

"मुदत परवाच सरली, सर." तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "का? काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलंच.

"मपल्या गल्लीत कुनीच न्हाई केली सही," ती चुलीकडे तोंड करून म्हणाली. "समद्यांनी तुमचं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोकनाथम यांची सभा वस्तीतल्या बुद्धविहारापुढच्या पटांगणात होती. मराठी पत्रक वाचण्याचं काम शंकररावांकडेच होतं. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतरही ते कुणी काढून घेतलं नव्हतं. हा म्हातारा काही करील असं तिथे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते माइकपाशी गेले आणि फ्लॅटवाल्यांसाठीचं पत्रक वाचू लागले. सुरुवातीला लोकनाथम हसतमुखाने मान डोलवत होते. शंकररावांनी स्वतःचं वाक्य वाचलं, पुढचं बारीक अक्षरांतलं वाचलं, 'एकशे चाळीस घरं' हे शब्द दोनदा वाचले. एका कार्यकर्त्याने पुढे वाकून लोकनाथम यांच्या कानात काहीतरी सांगितलं. माइक बंद झाला. शंकरराव थांबले नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी माइकशिवायच शिकवलं होतं. शेवटच्या रांगेत पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत त्यांचा आवाज पोचला.

भामा उठून उभी राहिली.

"साहेब, घरं हलनार का न्हाई, तेवढं सांगा."

माइक पुन्हा सुरू झाला. लोकनाथम अगदी शांतपणे उठले.

"दुश्मनां छपवाए ये कागज, हमारे नाम से. मास्टरसाब बुजुर्ग हैं, धोका खा गए. एक घर नहीं हिलता, मैं जुबान देता."

टाळ्या वाजल्या. वाजवणाऱ्यांत शंकररावांची कितीतरी जुनी मुलं होती. लोकनाथम यांनी गळ्यातली शाल काढून त्यांच्या अंगावर घातली आणि फोटोसाठी त्यांना जवळ ओढून धरलं. शालीला घाम आणि गुलाबपाणी यांचा मिळून वास येत होता. शंकररावांनी ती काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरले.

मंडपाच्या कडेला मृण्मयी उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"सर, माझी नोकरी जाईल. मला आधी तरी सांगायचं."

"तुला दोन्ही पत्रकं वाचता आली होती ना?" शंकरराव म्हणाले. "इथल्या कितीतरी जणांना एकही वाचता येत नाही."

लोकनाथम महापौर झाले. पंचशीलनगरातून त्यांना भरभरून मतं पडली. पुढचे चार महिने वस्तीत येताना शंकररावांना लाज वाटायची; कुणी 'जयभीम सर' म्हटलं की ते घाईघाईने उत्तर देऊन पुढे व्हायचे.

पाचव्या महिन्यात महापालिकेची माणसं हलवायच्या घरांच्या मोजणीला आली. ते कळताच शंकरराव भामाच्या दारात येऊन उभे राहिले. मोजणीच्या साहेबाने यादी चाळली.

"तुमचं नाव नाही, बाहेरचं घर मिळायचं नाही. फॉर्म का नाही भरला?"

"ती माझी चूक आहे," शंकरराव म्हणाले. "मी तिला चुकीचं वाचून दाखवलं."

"न्हाई साहेब," भामा मध्येच बोलली. "सरांनी बरोबरच वाचलं. छापनारानं खोटं छापलं."

साहेबाने खांदे उडवले आणि मोजपट्टीचं टोक धरायला माणूस शोधू लागला. त्याचा जोडीदार पलीकडच्या घरात गेलेला होता. शंकरराव पुढे झाले, तशी भामाने त्यांना हातानेच थांबवलं. तिने पदर खोचला, पट्टीचं टोक घेतलं आणि घराच्या पार मागच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन ते भिंतीला टेकवलं.

"मोरीपासून धरलंय, साहेब," ती आतून म्हणाली. "मोरी बी मपलीच हाय. पुरतं मापा."

पट्टी दोन्ही खोल्यांतून आरपार ताणलेली होती, आणि साहेबाने आकडा लिहून घेईपर्यंत तिने ती जराही ढिली पडू दिली नाही.