ग्लायडरची शेपटी

रत्नाकरनं दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगितल्या, तिथंच कनकाच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा धाकटा भाऊ तुकोजी मद्रासला एग्मोरच्या रेल्वे कचेरीत कारकून होता. रविवार उजाडला की सायकलवर टांग टाकून पल्लावरमपलीकडच्या मैदानावर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला जायचा. तिथंच ग्लायडर कोसळून तो गेला. रत्नाकर त्याचा शिक्षक, पुण्याहून आलेला. समाचाराला आला तेव्हा आईला, सईबाईंना, म्हणाला, "वाऱ्याचा झोत आला हो." पोलिसांना मात्र त्यानं सांगितलं होतं, "पोरानं घाई केली." पुढ्यातल्या कॉफीला त्यानं हात लावला नाही, की कनकाच्या नजरेला नजर दिली नाही.

कनका शाळेत शिकवायची. खोटं बोलणारा चेहरा तिला कळायचा. पुढच्या रविवारी ती एकटीच मैदानावर गेली. मोडक्या ग्लायडरवरची ताडपत्री उचलून पाहिली. पंख होते, चुरडलेली बैठक होती.

"शेपटी कुठाय, रत्नाकरराव?"

"मोडली. टाकून दिली."

"चौकशी व्हायच्या आधीच?"

त्याची नजर शेजारच्या कुलूपबंद खोलीकडे गेली आणि चटकन परतली.

"किल्ली द्या. नाहीतर पोलिसांना घेऊन येते."

आत शेपटी गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. दार उघडल्यावर मात्र रत्नाकर आपणहून बोलू लागला.

"ग्लायडर दर वेळी जोडावं लागतं. नाक वरखाली करणारी ही फळी या दांड्याला पिनेनं अडकवतात. आपटून पिन तुटली असती, तर हे भोक फाटलं असतं."

भोक धड होतं. पिन बसवलीच नव्हती.

"कोणी बसवायची?"

"तुकोजीनं. मी तपासून सही करायची. तो म्हणाला, 'झालं, सर.' मी न वाकताच सही केली."

या माणसानं तुकोजीवर कसलं तरी वैर साधलं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. वैर असतं तर रागवायला तरी सोपं गेलं असतं.

"अय्यो! वाकायला किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

"हे सगळं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. चौकशीत त्याचा परवाना गेला, महिन्याभरात त्यानं मद्रास सोडलं.

कनकानं आईपासून काहीच लपवलं नाही. सगळं ऐकून सईबाई म्हणाल्या, "पडताना त्याला कळलं असेल का गं, आपली पिन राहिली ते?"

खोटं बोलायचं ठरवूनच कनकानं तोंड उघडलं, पण निघालं ते, "हो, आई."