ओसाकाला मुक्काम कुठे

ओसाकाला फिरायला जायचं ठरल्यावर गोरक्षने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हॉटेल बुक केलं. व्हिसाचा पत्ता नव्हता, बॅगा आणायच्या होत्या, स्वेटर कुठल्या पेटीत आहेत ते आठवत नव्हतं. पण हा पठ्ठ्या कॉलेज रोडच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन मुक्काम पक्का करून आला. आणि बायकोला ते सांगितलं चार दिवसांनी, गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता, जणू खताची गोणी आणली म्हणून सांगावं तसं.

कुसाबाईच्या हातातली जुडी हातातच राहिली. ओसाकाला त्यांची एकुलती एक लेक भाग्यश्री राहत होती. तिच्याच भरवशावर दोघांनी या वयात पासपोर्ट काढले होते.

"लेक तिथं असताना हॉटेलात राहायचं?"

"मग काय जावयाच्या घरी राहायचं? भाग्याला अजून लेकरू नाय."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, अशी जुनी रीत आहे. भाऊबंदांत बहुतेकांनी ती कधीच गुंडाळून ठेवली होती. गोरक्ष तसा सातपूरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला आणि आता मोबाइलवर भाव बघून फुलं विकणारा माणूस. पण या एका बाबतीत तो त्याच्या आजोबांनाही भारी होता. लग्नानंतर भाग्यश्री आणि योगेश पुण्यात राहत होते, तेव्हा हा लेकीच्या घरी गेला तो नाशिकहून पाण्याची बाटली घेऊन. सोफ्याच्या कडेला टेकला, जावयाची ख्यालीखुशाली विचारली आणि जेवायला बायकोला घेऊन कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला. लेकीने सकाळपासून खपून स्वयंपाक केला होता. कुसाबाईने तो नुसता डोळ्यांनी पाहिला आणि परक्यासारखी जिना उतरली.

पुढे तीन वर्षांपूर्वी जोडपं जपानला गेलं, पण ती सल काही गेली नाही. एकदा तरी लेकीच्या घरात, तिच्या हातचं, पोटभर जेवायचं एवढंच कुसाबाईला हवं होतं. ओसाकाचा किल्ला नाही दिसला तरी तिचं काही अडणार नव्हतं. आणि नवऱ्याने नेमकी तीच वाट बंद करून टाकली होती.

रविवारी दुपारी भाग्यश्रीचा व्हिडिओ कॉल आला. तिने आठवड्याचा सगळा बेत आखून ठेवला होता. पहिल्या दिवशी आराम, मग किल्ला, मग मोठं मत्स्यालय, एक दिवस जवळच्या नारा गावात, जिथे हरणं माणसापुढे मान वाकवून खाऊ मागतात.

"आणि संध्याकाळी बाजारात फिरू. तिथं ऑक्टोपसचे गरम गोळे मिळतात. आपल्या आप्प्यांसारखे दिसतात."

"ते जावईबापूंना चार," गोरक्ष म्हणाला. "आम्ही दशम्या घेऊन येतो. अन् रात्रीची काळजी करू नको, हॉटेल बुक केलंय. तुझ्या घरापासून दोनच स्टेशनं."

"हॉटेल कशाला अण्णा? कॅन्सल करा ते."

"नाय गं. रीत हाय."

"इथं कोण बघतंय रीत?"

"मी बघतो ना. तुला नाय पटत तर जावईबापूंना दे फोन, मी समजावतो. रविवार हाय, घरीच असतील. गेल्या कितीक दिवसांत तोंड नाय दिसलं त्यांचं. लय कामाचा माणूस."

भाग्यश्री फोन जवळ घेऊन अगदी सावकाश म्हणाली, "अण्णा, योगेश इथं राहत नाही."

"बाहेरगावी गेलेत का?"

"नाही. आमचं मोडलं. मागच्या दिवाळीतच. तो टोकियोला गेला, मी ही वेगळी खोली घेतली. भाडं माझ्या पगारातून जातं. इथं जावयाचं काहीच नाही, म्हणून म्हणते, हॉटेल नको."

माणसाचं मन अशा वेळी कुठे जाईल याचा नेम नसतो. कुसाबाईला आठवला जपानला पाठवलेला दिवाळीचा फराळ. जावयाला आवडतात म्हणून चिवड्यात मूठभर काजू जास्त घातले होते तिने. ते काजू पोरीने एकटीने कसे खाल्ले असतील, या विचाराने तिला गलबलून आलं.

गोरक्षने फोन खाटेवर पालथा ठेवला आणि तो चपला न घालताच बाहेर गेला. विहिरीपाशी जाऊन नुसता उभा राहिला. फोनमधून "अण्णा, अण्णा" ऐकू येत होतं. कुसाबाईने फोन उचलला.

"एवढे दिवस बोलली का नाय गं?"

"बोलले असते तर अण्णा आलेच नसते. म्हटलं, आधी येऊ देत. समोर बसवून सांगेन."

पोरीचं खरं होतं. आताही नवरा आत येऊन जाणंच रद्द करा म्हणेल, हीच धास्ती तिला होती. चार लोकांत काय सांगायचं, हा प्रश्न त्याच्या हाडीमाशी भिनलेला.

गोरक्ष आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने बायकोच्या हातातून फोन घेतला.

"भाग्या, हॉटेलवाल्याला नाय म्हणून कळवतो. तुझ्याकडंच उतरू."

"अण्णा, खोली लहान आहे."

"असू दे. आता ते घर तुझं हाय. तिथं जेवायला मला कुणाची आडकाठी?" एवढं म्हणून तो लहान पोरासारखा रडायला लागला. इतक्या वर्षांच्या संसारात कुसाबाईने त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

आणि त्याच क्षणी तिला दुसरा धक्का बसला, तो स्वतःचाच. तिला आनंद झाला होता. आता मी लेकीकडे जेवणार, हाच विचार सगळ्यात आधी आला होता. वणीच्या देवीला तिने नवस बोलला होता, पोरीची कूस उजवू दे, मला तिच्या घरचं अन्न गोड लागू दे. अन्न मिळणार होतं, पण पोरीचा संसार मोडून. आई असून आपल्याला हे आधी कसं सुचलं, म्हणून ती शरमेने अर्धमेली झाली. पण आनंद काही हटेना.

"आई," भाग्यश्री डोळे पुसत विचारत होती, "पहिल्या दिवशी काय करू तुझ्यासाठी?"

कुसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. फोन तोंडाजवळ धरला.

"काय बी कर बाई," ती म्हणाली. "मी विमानात काय खाणार नाय. उपाशीच येते."