चौथ्या फेरीतली निवड

गस टोमाशेकने हातातला कागदी पेला चुरगळून टीव्हीच्या दिशेने भिरकावला. पेला तिथवर पोचलाच नाही, निम्म्या वाटेत बटाट्याच्या सॅलडमध्ये जाऊन पडला.

"सेफ्टी," गस म्हणाला. "आपल्या क्वार्टरबॅकला गेल्या मोसमात त्रेपन्न वेळा जमिनीवर लोळवला, आणि ही माणसं सेफ्टी घेतात."

सॅलडमधला पेला कुणी उचलला नाही. स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये शनिवारच्या त्या दुपारी, चौथी फेरी सुरू होताना, चाळीसेक माणसं होती आणि सगळ्यांची तोंडं कारल्याचा रस प्यायल्यासारखी झाली होती. कॉलेज संपवून बाहेर पडणारे खेळाडू दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचे देशातले संघ सात फेऱ्यांत, पाळीपाळीने निवडून घेतात. मागच्या मोसमात जो जास्त हरला त्याची पाळी आधी, त्यामुळे यांच्या संघाची पाळी वर्षानुवर्षं आधीच येत आली होती. मैदानावर काही मिळत नसल्यामुळे या क्लबात खरा सण असे तो निवडीचा. मार्चमध्येच सगळे जमत, खाटकाकडचा तपकिरी कागद भिंतीवर डकवत आणि संघाला काय हवं ते मतं घेऊन त्यावर लिहीत. यंदा कागदावर पहिलं नाव होतं टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारखा उभा राहणारा तीनशे पौंडी गडी. दुसरंही टॅकल. तिसऱ्या ओळीत कुणीतरी 'बहिरे आहात का? टॅकल' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. सेफ्टी कुठेच नव्हता. तो सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा बचावपटू. पुढचे दहाही चुकले की धावत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं काम त्याचं. पुढची भिंतच नसलेल्या घराला मागच्या दाराची कडी आणल्यासारखं आहे हे, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर कुणी हसलंदेखील नाही.

कॉफीच्या पिंपाजवळ लॉइड होर्वाथ बसला होता. टीव्हीवर नाव वाचलं गेलं तेव्हा सगळा हॉल ओरडला होता. जेव्हॉन मॅकक्रे. या नावाची पट्टी त्याने चार वर्षं स्वतःच्या हाताने लॉकरवर चिकटवली होती.

लॉइड गावातल्या कॉलेजात फुटबॉलच्या सामानाची व्यवस्था बघत असे. एकतीस वर्षं. हेल्मेटं, खांद्यांची चिलखतं, घामाने ओलेचिंब मोजे, चिखलाच्या विजारी. प्रशिक्षक येत आणि हाकलले जात, मुलं येत आणि जात. कपडे धुण्याची यंत्रं आणि लॉइड तेवढे तिथेच. हेल्मेटचं कवच किती वर्षांनी टाकायचं, आतल्या हवेच्या पिशव्यांत थंडीत किती जास्त हवा भरायची, हे त्याच्याइतकं अचूक त्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल कुणी त्याला कधी विचारलंही नव्हतं.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डॉटी पाव्लिकच्या ध्यानात आधी आलं. बटाटा भरलेल्या पिरोग्यांचा ट्रे टेबलावर ठेवता ठेवता ती म्हणाली, "लॉइड, हा पोरगा तुमच्याच कॉलेजचा ना?"

चाळीस माना वळल्या. पाच मिनिटांपूर्वी ज्या निवडीला शिव्यांची लाखोली वाहिली जात होती तिच्याबद्दल आता माहिती हवी होती. लॉइडसाठी टीव्हीसमोर खुर्ची सरकवली गेली, हातात बिअर आली. कसा आहे, किती धावतो, दारू पितो का, आईबापाचं ऐकतो का. लॉइडने एकेका प्रश्नाला मोजकी उत्तरं दिली. पोरगा वेळेवर येतो. ओले टॉवेल जमिनीवर टाकत नाही, टोपलीत टाकतो. एकटी आई आहे, तीन बसगाड्या बदलून मॅच बघायला येते. माणसं मान डोलावू लागली. आपला म्हटला की वेडाविद्राही गोड लागतो.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. सांगायची असं ठरवलं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच या हॉलमध्ये सगळे त्याचं बोलणं संपण्याची वाट बघत होते. फेब्रुवारीत त्याच्या धुण्याच्या खोलीत संघाचा माणूस आला होता. संघाचं चिन्ह छातीवर असलेलं जाकीट घातलेला, खराखुरा. उपड्या बादलीवर बसून अर्धा तास त्याने लॉइडला मॅकक्रेबद्दल विचारलं. ही माणसं प्रशिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, विजारी धुणाऱ्याला विचारतात; पोरं खरी कशी आहेत ते त्यालाच माहीत असतं. लॉइड जे बोलला ते त्या माणसाने वहीत उतरवून घेतलं.

"म्हणजे ही निवड तू केलीस," गस म्हणाला. त्याच्या आवाजातला राग गेला होता, नुसती थट्टाही नव्हती. साठ वर्षं या संघावर जीव टाकून संघाच्या कुणाशी एक शब्द बोलायला मिळाला नव्हता असा माणूस लॉइडकडे बघत होता. "काय विचारलं रे त्याने?"

लॉइडने बिअरचा घोट घेतला. त्या माणसाचा शेवटचा प्रश्न असा होता: डोक्याला मार वगैरे कधी? आणि लॉइडने उत्तर दिलं होतं, हा पोरगा चार वर्षांत एकही सराव चुकलेला नाही. शब्दशः खरं उत्तर. माणसाने ते लिहून घेतलं, वही मिटली, हात मिळवला. तो हात लॉइडने संध्याकाळपर्यंत साबणाने धुतला नव्हता.

तेवढ्यात टीव्हीवर मॅकक्रेचे जुने क्षण दाखवायला सुरुवात झाली. ऑक्टोबरमधली मॅच. समोरचा गडी हवेत उडी मारून चेंडू पकडतो आणि मॅकक्रे खालून येऊन त्याच्या छातीवर आदळतो, डोकं पुढे. हॉलमधून सुखाचा हुंकार निघाला. कुणी टेबलावर हात आपटला. पुन्हा दाखवलं, सावकाश. मग दुसऱ्या बाजूने. सगळे त्या उलट्या पडलेल्या गड्याकडे बघत होते. लॉइड मॅकक्रेचा डावा हात बघत होता. पोरगा पालथा पडला होता, आणि डाव्या हाताची बोटं काठीसारखी ताठ होऊन हवेत राहिली होती. एक, दोन, अडीच सेकंद. मग तो उठला, आणि चित्र बदललं.

त्या मॅचनंतर लॉइडला तो धुण्याच्या खोलीत सापडला होता. दिवा बंद, कपडे वाळवण्याच्या यंत्रामागे खाली बसलेला, डोळ्यांवर टॉवेल. मळक्या कपड्यांच्या गाड्यात ओकला होता. कुणाला सांगू नका, मिस्टर एच, एवढंच म्हणाला. लॉइडने गाडा धुतला. दोनदा धुतला. सोमवारी, एवढी धडक बसली होती म्हणून, डॉक्टरांनी पोराला संगणकासमोर बसवून चाचणी घेतली, ऑगस्टमधल्या आकड्याशी ताडून पाहिली, फरक नाही म्हणाले आणि खेळायला पाठवला.

फरक नव्हता, कारण तशी सोय लॉइडनेच केली होती. दर मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाची ती चाचणी होते: शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, रंग दिसला की बटण दाबा. धड डोकं किती चालतं त्याची नोंद. पुढे मार बसला की तिच्याशी तुलना. पर्यवेक्षणाला माणूस कमी पडे म्हणून लॉइडला बसवत. आणि दरवर्षी, ज्या नव्या पोरांचं शिक्षण खेळावरच अवलंबून आहे, घरी मागे काही नाही, त्यांच्या कानाशी तो वाकून सांगे: आज फार हुशारी दाखवू नकोस. दर रांगेत दोन चुका कर. तीन चालतील, चार नकोत. चारला मशीनला संशय येतो. एकदा डोक्याला मार लागला म्हणून खेळातून बाहेर बसवलेली आणि मग कायमची घरी गेलेली पोरं त्याने पाहिली होती. त्यांना वाचवावं, एवढंच त्याच्या मनात असे. एकतीस वर्षांत आपल्या हातून झालेलं सर्वांत भलं काम कोणतं असं कुणी विचारलं असतं, तर त्याने मनातल्या मनात हेच सांगितलं असतं.

"कुठे हरवलास?" गस म्हणाला. "काय विचारलं त्याने?"

"त्या पोराचं डोकं बरं नाही," लॉइड म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण टीव्हीवर जाहिरात होती, सगळ्यांनी ऐकलं. मग त्याने बाकीचं सांगितलं. गाडा, टॉवेल, ताठ बोटं. चाचणीतल्या दोन चुकाही सांगितल्या. सांगताना त्याला वाटत होतं की आता कुणीतरी उठेल, कदाचित गसच, आणि आपली गचांडी धरेल. त्याला ते हवंही होतं.

गसने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"फेब्रुवारीत बोलायला काय झालं होतं तुला?" तो म्हणाला. "त्यांनी टॅकल घेतला असता."

मागून कुणीतरी म्हणालं, चौथ्या फेरीची पहिलीच निवड, गेली गटारात. दुसऱ्याने विचारलं की दोन मोसम तरी निघतील का. हे त्याने लॉइडलाच विचारलं, अगदी मनापासून, जाणकार म्हणून. जुन्या गाडीचं इंजिन किती चालेल हे विचारावं तसं. डॉटी तेवढी वेगळं बोलली. ती हात पुसत म्हणाली की ही गोष्ट या हॉलबाहेर जाता कामा नये, अजून पोराची करारावर सही व्हायची आहे, त्याच्या आईच्या तोंडचा घास कशाला काढायचा. सगळ्यांना ते पटलं. दयाही झाली आणि संघाची अब्रूही राहिली. गसने उठून तपकिरी कागदावर सर्वांत खाली 'डोकं' असं लिहिलं, आणि या वेळी मात्र हॉल हसला.

लॉइडच्या खिशातला फोन वाजला. जेव्हॉन.

तो स्वयंपाकघरातून मागच्या पायऱ्यांवर गेला. सरोवरावरून वारा येत होता. एप्रिल संपत आला तरी बोचरा. फोनमध्ये बायकांचा कालवा, गाणी, एक लहान मूल.

"मिस्टर एच, पाहिलंत का? तुमचाच संघ. आई म्हणाली, आधी त्यांना फोन लाव."

लॉइडने अभिनंदन केलं. मग दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "जेव्हॉन, ऐक. तिथे गेल्यावर ते तुझी ती चाचणी घेतील. मी सांगितलेलं सगळं विसर. या वेळी एकही चूक मुद्दाम करू नकोस. आणि ऑक्टोबरचं त्यांच्या डॉक्टरांना सांग."

पलीकडे पोरगा कालव्यातून बाजूला गेला असावा. आवाज लांब गेले.

"मुद्दाम चुका मी पहिली दोन वर्षंच केल्या," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी सराव सुरू होण्याआधी आजारी होतो, माझी चाचणी राहिलीच. गेल्या ऑगस्टमध्ये म्हटलं, शेवटचं वर्ष आहे, एकदा बघू तरी आपलं डोकं किती चालतं. सगळं लक्ष लावून दिली, मिस्टर एच. दोन वेळा डोळे चोळले, पाणी प्यायलो."

"मग?"

"आकडा तोच आला. चुका करायचो तेव्हाचा."

ऑक्टोबर तर त्यानंतरचा होता.

"मला वाटलं, मशीनमध्येच काहीतरी असेल," पोरगा म्हणाला. मग त्याने स्वतःच विषय बदलला, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून बदलतात तसा. "आणि एक राहिलं. त्यांच्या सामानवाल्याने हेल्मेटची मापं मागितलीत. माझी काय आहेत?"

गेल्या एकतीस वर्षांतल्या बहुतेक डोक्यांची मापं लॉइडला पाठ होती.

"थांबा, लिहून घेतो," जेव्हॉन म्हणाला. "हल्ली लिहून घेतलेलं बरं पडतं."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग कुणाकडे तरी पेन मागितल्याचा. आत हॉलमध्ये कसली तरी ओरड उठली आणि विरली. लॉइड वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"घेर सव्वातेवीस इंच," तो म्हणाला, आणि पेन थांबल्याचं ऐकू येईपर्यंत त्याने पुढचा आकडा सांगितला नाही.