उल्काकाकूंच्या श्वासाच्या खुणा

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी प्रत आहे. शंभर वर्षांपूर्वी एका इंग्रज संगीतकाराने चर्चसाठी रचलेलं समूहगीत माझ्या पानांवर छापलेलं आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका चर्चच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझे कोपरे दुमडलेत, पाठीला चिकटपट्टी आहे आणि स्वभाव अलीकडे जरा चिडका झालाय. त्याला कारण आहे.

उल्काकाकू लहान मुलांच्या डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्या इथल्या गायकवृंदात आल्या. घरी गणपती आणि मंगळवारी चर्चमध्ये तालीम, यात त्यांना कधी अडचण वाटली नाही. मला चिकटपट्टी त्यांनीच लावली. पुढे नोकरीसाठी पुण्याहून आलेली कांचन त्यांच्या शेजारी उभी राहू लागली. प्रती कमी होत्या, म्हणून दोघी माझ्यात पाहूनच गात.

या गाण्यात सूर लांबच लांब चालतात. ते तुटू नयेत म्हणून शेजारच्या दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. एक थांबली की दुसरीने गात राहायचं. कांचन नवी, तिचा दम लगेच संपे. म्हणून काकूंनी माझ्यावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा केल्या. शब्द संपतो तिथे, सोप्या जागी, कांचनसाठी 'क' लिहिला. स्वतःचा 'उ' मात्र शब्दाच्या मध्येच, अवघड जागी घातला. मला त्या खुणांचा फार अभिमान वाटायचा.

यंदा मोठ्या कार्यक्रमासाठी थोडेच गायक निवडायचे होते. या बाजूला कुणाचा तरी शब्द मध्येच तुटतो, असं म्हणून गायकवृंद चालवणाऱ्या कंडक्टरांनी मला मागून घेतलं. त्यांना देवनागरी कुठली वाचता येणार? कांचननेच वाचून दाखवलं, की हा 'उ' म्हणजे उल्का. बाईंना आता शब्दही पुरा करता येत नाही, वय झालं, असा त्यांनी अर्थ काढला. आता कांचन खरं काय ते सांगेल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ती गप्प बसली.

काकूंचं नाव गळलं. कारणही कंडक्टरांनी त्यांना सांगितलं. तालमीनंतर त्या पार्किंगमध्ये कांचनला भेटल्या, तेव्हा मी तिच्या काखेत होते.

"काकू, डिसिजन त्यांचा होता. मी काय करणार?"

"अवघड जागा मी का घेतल्या, ते सांगितलंस त्यांना?"

"मग माझं नाव कट झालं असतं ना."

काकू निघून गेल्या. मला मात्र आजही ते सलतं. मायेने केलेल्या खुणा माझ्या अंगावर होत्या, आणि त्याच दाखवून काकूंना घरी बसवलं. फसवणूक त्यांची झाली आणि त्यात मला वापरलं.

कार्यक्रमात कांचन पहिल्या रांगेत होती. शेवटचा लांब सूर आला. 'क' पाशी तिने श्वास घेतला, नेमका तेव्हाच शेजारच्या नव्या बाईंनीही घेतला. आमच्या बाजूचा सूर तुटला. कांचनने सवयीने शेजारी पाहिलं.

मित्रांनो, जुन्या प्रती जपा, त्यांच्यावर पेन्सिलीने खुशाल लिहा. पण कुणी तुमच्यासाठी अवघड जागा घेत असेल, तर ते चारचौघांत सांगा. मी पडले कागद, मला बोलता येत नव्हतं. कांचनला येत होतं.