बीट पडेपर्यंत

संयोगिता आणि नीलिमा उंब्रजच्या. दोघी अकरावीला कराडला, एकाच स्कूटीवरून जायच्या. दोघींना गाण्यांचं वेड आहे, हे संयोगिताच्या आईला, आक्काताईंना ठाऊक होतं. खेळाचं ठाऊक नव्हतं.

एक इअरबड संयोगिताच्या कानात, दुसरा मागं बसलेल्या नीलिमाच्या. गाणी दणक्याच्या बीटची. बीट पडायच्या, म्हणजे दणका परत सुरू व्हायच्या आधी गाणं जरा गप्प होतं, तेवढ्यात संयोगिता डोळे मिटून गाडी चालवायची. बीट पडली की उघडायची. नीलिमा मागून तिला घट्ट धरून बसायची, आणि ती भीती तिला आवडायचीही.

जानेवारीतल्या एका दुपारी कॅनॉलच्या रस्त्यावर गाणं गप्प झालं. मग बीट पडली. नीलिमा हसली, पण आरशात संयोगिताचे डोळे मिटलेलेच होते.

"पडली की गं. उघड."

समोरून उसाच्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता, त्यावरचा गाण्यांचा डेक ठणाणा वाजत होता. नीलिमा ओरडली, खांद्याला हिसके दिले. संयोगिताचा चेहरा शांत होता, कुणाचं तरी ऐकून घेत असल्यासारखा. शेवटी नीलिमानं पुढं वाकून हँडल वळवलं आणि दोघी उसात जाऊन पडल्या. ट्रॅक्टर निघून गेला.

"मरायचं हाय का तुला?" नीलिमा रडत म्हणाली.

संयोगिताचा गुडघा फुटला होता. तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

"मधीच का पाडलंस? बीट पडली न्हवती अजून."

"कवाच पडली."

"न्हाई. आत कुणीतरी श्वास घेत हुतं. थांब, थांब म्हणत हुतं."

नीलिमानं तिचा इअरबड उचलून स्वतःच्या कानाला लावला. गाणं नेहमीसारखंच चालू होतं.

संध्याकाळी तिनं आक्काताईंना सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली काढून घेतली, फोन कपाटात ठेवला, पोरीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. कान ठणठणीत निघाले.

संयोगिता काही दिवस नीलिमाशी बोलली नाही. मग बोलायला लागली. दोघी एसटीनं जाऊ लागल्या. कानात आता काहीच नसायचं.

एका सकाळी हायवेच्या कडेला एसटीची वाट बघताना बोलता बोलता संयोगिता गप्प झाली. नीलिमानं वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि पाय रस्त्याकडं पडत होते. नीलिमानं तिचं मनगट घट्ट धरून मागं ओढलं. समोरून ट्रक गेला. बऱ्याच वेळानं संयोगितानं डोळे उघडले.

"पडली का?" नीलिमानं हळूच विचारलं.

"न्हाई," संयोगिता म्हणाली. "आज तुझं नाव इचारत हुतं."

नीलिमानं मनगट सोडलं नाही. एसटीतही कराड येईपर्यंत ती तसंच धरून बसली.