नापास करायचं कारण

रक्तपेढीच्या संगणक विभागात त्याला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याची पाठ वळली की लगेच. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघणारा, पत्र पेटीत टाकल्यावर पेटीच्या फटीत डोकावणारा असा तो माणूस. नव्या कुठल्याही गोष्टीला 'चालेल' म्हणायच्या आधी तो ती चारदा तपासायचा. डेटाबेस सांभाळायच्या कामाला असा माणूस लागतोच, असं साहेब म्हणत, आणि मग उसासा टाकत.

तोंडावर शंकासुर म्हणणारी एकच होती, आणि नावही तिनेच ठेवलेलं. तिला सगळे तुफान म्हणत. ती विभागात आली की खुर्च्या आपोआप बाजूला व्हायच्या. बोलणं, चालणं, जेवणं, सगळं घाईत. रक्तपेढीचा ड्रायव्हर तिने लिहिला होता.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे तो घरी आपल्या ताईला कित्येक वर्षं समजावत होता आणि ताई मुद्दाम दरवेळी विसरत होती. रक्ताची पिशवी आली, तपासली, फ्रीजमध्ये ठेवली, अमक्या रुग्णासाठी दिली, अशी प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये जाते. काउंटरवरच्या प्रोग्रामचं म्हणणं डेटाबेसपर्यंत पोचवायचं आणि त्याचं उत्तर परत आणून द्यायचं, एवढंच काम ड्रायव्हर करतो. निव्वळ सांगकाम्या. पण हा सांगकाम्या चुकला तर एकच पिशवी दोघांच्या नावावर पडते, आणि दुसऱ्या रुग्णाची नर्स काउंटरवर हात पुढे करून उभी राहते तेव्हा फ्रीजमध्ये द्यायला काही नसतं.

तुफानच्या ड्रायव्हरने हे कधी होऊ द्यायचं नाही, हे ठरलं होतं. मधेच लाइन तुटली तर तो तीच नोंद आंधळेपणाने पुन्हा लिहायचा नाही. लाइन परत आली की आधी डेटाबेसला विचारायचा, 'मघाची लिहिली गेली का?' नाही म्हटलं तरच लिहायचा. हा भाग लिहून झाल्यावर तिने त्याला हाक मारून पडद्यावर दाखवला होता. "बघ, यात तुझा स्वभाव घातलाय," ती म्हणाली होती. त्यावर काय बोलायचं हे त्याला तेव्हा सुचलं नाही. पुढेही सुचलं नाही. ती मुलीला एकटीने वाढवत होती, तो ताईबरोबर राहत होता, टेबलं समोरासमोर होती, आणि तो योग्य वाक्याची वाट बघत बसला. मग मुलगी समुद्रापलीकडे नोकरीला गेली, तिला बाळ झालं, आणि तुफान तिकडे निघून गेली.

जाताना ती एवढंच म्हणाली, "ड्रायव्हर मी तिकडून बघत जाईन. काही झालं की फोन कर."

काही ना काही होत राहिलं, हे त्याचं भाग्य. डेटाबेसची आवृत्ती बदलायची, एखादी तारीख उलटी यायची, काउंटरचं नवं यंत्र यायचं. मग दुपारी, तिकडे सकाळ असताना, तो फोन लावायचा. काम चार वाक्यांत उरकायचं. मग ती नातवाचं सांगायची, तिकडच्या थंडीचं सांगायची, शेजारणीच्या कुत्र्याची तर पूर्ण नक्कल करून दाखवायची. तो 'हं' म्हणायचा. फोन ठेवल्यावर ते सगळं ताईला जसंच्या तसं सांगायचा.

"तू काय बोललास?" ताई विचारायची.

"मी ऐकत होतो."

"धन्य आहे बाबा तुझी."

आता डेटाबेसची नवी आवृत्ती येणार होती आणि तिच्याशी जुन्या ड्रायव्हरचं जमणार नव्हतं. जगभरच्या पुष्कळ लोकांनी मिळून बनवलेला एक नवा ड्रायव्हर होता. तो प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या पिशव्यांच्या खऱ्या कामाला, लावण्याजोगा आहे की नाही, हे शंकासुराने सांगायचं होतं. नाही म्हटलं तर तुफानला जुना ड्रायव्हर नव्याने बांधावा लागणार होता. म्हणजे महिनोन्महिने फोन. हो म्हटलं की तिचं इथलं काम संपलं.

विभागाची परीक्षेची रीत ठरलेली होती. त्या रीतीला सगळे सवतीची चाचणी म्हणत. खरं काम जुना ड्रायव्हर करायचा, आणि तेच काम त्याच वेळी नव्याकडूनही करून घ्यायचं, पण डेटाबेसच्या नकलेवर. सकाळी दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायची. शिवाय केबल उपटायची चाचणी. नोंद निम्मी लिहून झाली असताना हाताने केबल ओढून काढायची आणि परत लावायची. ही तुफानने पाडलेली पद्धत.

नवा ड्रायव्हर सगळ्या चाचण्यांत उतरला. उत्तरं केसाइतकीही वेगळी नव्हती. उलट नवा जास्त चपळ निघाला.

"सर, लिहू का 'तयार' म्हणून?" तपासनीस बाईंनी विचारलं. चाचण्या मांडायचं काम त्यांचं. दोन मुलांची आई, आणि शब्द वाया घालवणं त्यांना बिलकूल खपत नसे.

"लीप वर्षाच्या तारखा?"

"झाल्या."

"सगळे काउंटर एकदम चालू केले तर?"

"झालं. तुम्हीच उभे होतात."

"डिस्क भरली तर?"

"सर, आता फक्त भूकंप आणायचा राहिलाय. आणू?"

साहेब दारातून ऐकत होते. "अहो, मुलगी दाखवायला आणली तर तुम्ही तिच्या आजोबांचे दात मोजाल. शुक्रवारी मला एक शब्द हवाय. हो किंवा नाही."

त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. आपण परीक्षा घेतोय की कारण शोधतोय, हे त्याला नीट कळेनासं झालं होतं. जेवताना तो तेच घोकत बसायचा. "तुझा ड्रायव्हर अजून रुजू झाला नाही वाटतं," ताई म्हणायची आणि ताटात आणखी भात वाढायची.

गुरुवारी तपासनीस बाई रजेवर होत्या, मुलाच्या शाळेत काहीतरी होतं. शंकासुराने ठरवलं, केबलची चाचणी आणखी एकदा, आपल्या हाताने, अगदी पहिल्यापासून मांडून करायची. जुन्या ड्रायव्हरची सगळी सेटिंग्ज त्याने उचलली आणि नव्यात टाकली. काउंटरच्या प्रोग्रामला एक खोटी पिशवी द्यायला लावली. नोंद निघाली तशी केबल ओढली, परत लावली, आणि नकलेत पाहिलं.

पिशवी दोनदा दिली गेली होती.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा दोनदा. तिसऱ्यांदाही तेच.

त्याच्या छातीत जे उसळलं त्याला आनंदाशिवाय दुसरं नाव नव्हतं. तो उठून खिडकीशी गेला. खाली आवारात रक्त न्यायला आलेली गाडी उभी होती आणि चालक बॉनेटवर कोपर टेकून फोनवर कुणाशी तरी हसत होता. रक्तपेढीला दगा देणारी चूक सापडली आणि आपण खूश होतोय, हे त्याला कळत होतं. पण कळूनही खुशी जाईना. साहेबांसाठी त्याने लिहिलं, 'नवा ड्रायव्हर तयार नाही.' पाठवायच्या आधी दुपार झाली होती. तिकडे सकाळ.

"बोल, शंकासुरा," तुफान म्हणाली. मागे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"नवा नापास झाला," तो म्हणाला. आवाज नको तितका उत्साही निघाला. "केबल उपटली की नोंद दोनदा लिहितो. विचारतच नाही आधी."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"विचारतो तो," ती म्हणाली.

"नाही ना. मी तीनदा केलं."

"अरे विचारतो. तो भाग मीच लिहून पाठवलाय त्या नवा बनवणाऱ्यांना. गेल्या हिवाळ्यात. त्यांनी घेतला."

त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"सेटिंग्ज कुठून आणलीस?"

"आपल्या जुन्यामधून."

"उत्तराची वाट किती बघायची, तो आकडा?"

"तीस."

"तीस काय?"

त्याला ते त्याच क्षणी दिसलं. जुन्या ड्रायव्हरमध्ये तीस म्हणजे तीस सेकंद. नव्यात तो आकडा मिलिसेकंदांत द्यायचा असतो, आणि हे तर नव्याच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याने ती पुस्तिका दोनदा वाचली होती, आणि बाईंनी आपल्या चाचण्यांत तो आकडा बरोबर दिला होता. तीस मिलिसेकंद म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. केबल हातात धरून असतानाच ड्रायव्हरने 'उत्तर येत नाही' म्हणून हात वर केले होते, आणि काउंटरच्या प्रोग्रामने तीच नोंद पुन्हा लिहायला दिली होती. विचारायला नव्या ड्रायव्हरला वेळच दिला नव्हता.

आयुष्यभर प्रत्येक कुलूप ओढून बघणाऱ्या माणसाने हे एवढं एक बघितलं नव्हतं. मिळालेलं उत्तर हवं तेच होतं, म्हणून.

"मूर्ख आहे मी," तो म्हणाला.

"आहेसच. पण हे तुझ्यासारखं नाही." तिचा आवाज मऊ झाला, म्हणून त्याला आणखीच अवघड झालं. "काय झालं होतं तुला?"

सांगण्यासारखं वाक्य त्याच्याजवळ आताही नव्हतं. "तू आधी का नाही सांगितलंस? त्यांना भाग पाठवलास ते?"

"सांगितलं असतं तर तू डोळे मिटून पास केलं असतंस. माझं म्हणून. मला तुझ्याकडून खरी परीक्षा हवी होती."

"म्हणजे तुला सुटायचंय यातून."

"सुटायचं कसलं डोंबलाचं! अरे, माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. अक्षरं वितळल्यासारखी दिसतात. उद्या मी एक ओळ चुकले तर? माझ्या डोळ्यांवर तुमची रक्तपेढी चालायला नको."

ऑपरेशनचं त्याला ठाऊक नव्हतं. इतके फोन झाले, कुत्र्याची नक्कल झाली, आणि हे राहिलं. त्याने विचारलं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

"दुखलं का?" त्याने विचारलं.

"काय?"

"डोळा."

"नाही रे. कंटाळा आला नुसता. वाचता येत नव्हतं." मग नेहमीच्या घाईत म्हणाली, "जा आता. आकडा सुधार आणि केबल ओढ. मला कळवू नको, मला माहितेय काय होणार ते."

त्याने आकडा सुधारला. केबल ओढली. लावली. नकलेत पिशवी एकदाच दिलेली दिसत होती. त्याने पुन्हा ओढली, आणि मग पुन्हा, पण आता त्यात काही शोधणं नव्हतं. साहेबांसाठी लिहिलेलं वाक्य त्याने पुसलं आणि नवं लिहिलं. त्यात सेटिंग्जबद्दलची सूचना घातली, स्वतःची चूकही लिहिली. चूक कशी झाली ते लिहिलं. का झाली ते लिहायला जागा नव्हती.

शुक्रवारी साहेब वाचून म्हणाले, "तुमच्याकडून 'हो' आलं म्हणजे मी निर्धास्त." तपासनीस बाईंनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या टेबलावर चहा आणून ठेवला.

रविवारी सकाळी, काउंटरवर सगळ्यांत कमी गर्दी असते तेव्हा, जुना ड्रायव्हर थांबवला आणि नवा सुरू केला. पहिली खरी पिशवी गेली. मग दुसरी. कुणालाच काही जाणवलं नाही. तसंच व्हायला हवं होतं. दुपारपर्यंत बसून तो घरी आला.

पुढचे काही आठवडे काहीच बिघडलं नाही. तो रोज सकाळी नोंदी बघायचा आणि त्या रोज बरोबर निघायच्या. दुपार झाली की हात फोनकडे जायचा. काय सांगायचं? विभागाच्या भिंतींना पिवळा रंग देताहेत, हे? ताईचा गुडघा? वाचनालयात एक जाडजूड प्रवासवर्णन मिळालं, त्याची शेवटची पानंच गायब निघाली, हे? प्रत्येक वाक्य तो मनात इकडून तिकडून दाबून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. एवढ्यासाठी समुद्रापलीकडे फोन करतात का कुणी?

"डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं का तिचं?" एका रविवारी ताईने वाटाणे सोलता सोलता विचारलं.

"माहीत नाही."

"मग बसलायस काय?"

त्याने फोन लावला. तिच्या मुलीने उचलला.

"आई झोपलीये. कालच झालं ऑपरेशन. छान झालं. तिकडे काही बिघडलंय का? महत्त्वाचं असेल तर उठवते."

"नको, नको. काही बिघडलं नाही. सगळं चालू आहे."

"मग निरोप काय देऊ?"

त्याने ताईकडे पाहिलं. ताईने वाटाण्यांवरून नजर वर केली नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "फोन आला होता म्हणावं."

"कशासाठी, ते विचारेल ती."

"कशासाठीच नाही. असाच केला होता म्हणावं."

पलीकडे मूल काहीतरी ओरडलं, मग शांत झालं. "बरं," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "असंच सांगते."

त्याने फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण कोण बोलतोय ते सांगायचं राहूनच गेलं. पुन्हा लावून सांगावं का, म्हणून हात पुढे गेला. मग आठवलं की कोण बोलतंय, हे मुलीनेही विचारलं नव्हतं.