सगळ्यांची खाती एका पडद्यावर

माझा पगार माझ्या खात्यात पडतो आणि त्यात कुणी डोकावलेलं मला खपत नाही. माहेरी खपलं नाही, केशवापूरच्या या सासरी तर मुळीच नाही. पण आमचे सासरे, अप्पा, पडले भांड्यांचे व्यापारी. घरात आलेला रुपया आपल्या नजरेखालून गेलाच पाहिजे, ही त्यांची पिढीजात चाल. माझा नवरा चेतन आणि धाकटा दीर श्रीहरी रोज संध्याकाळी मुकाट्यानं आपापला मोबाईल त्यांच्यापुढं धरतात. मी तेवढी धरत नाही.

म्हणून अप्पांनी डोकं लढवलं. सून कोड लिहिते ना, मग तिनंच असं काहीतरी करावं की घरातली सगळी खाती एका पडद्यावर दिसतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेतन म्हणाला, कर ना, अप्पांचं मन राहील. मनं राखायला घरात मीच एक सापडते.

बरं, केलं. बँकेतून खात्याची माहिती आणणारी कोडची लायब्ररी तयार मिळते, ती माझ्या प्रोग्रॅमला जोडली. तिची अट एकच: ज्याचं खातं त्याची संमती, त्याच्याच फोनवर आलेला ओटीपी. 'ही माहिती घरातल्या सगळ्यांना दिसेल' हे संमतीतलं वाक्य मी अप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. हूं, दाब पुढं, म्हणाले.

रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आपापला फोन उघडला. पहिलंच खातं अप्पांचं. आकडा बघून श्रीहरीचे डोळे विस्फारले. धंद्यात मंदी आहे म्हणून परवाच त्याला स्कूटर नाकारली होती. राग आला की अप्पा कानडीवर येतात. ब्याड, ब्याड, नको म्हणजे नको, म्हणाले, माझं काढ आधी. मोठ्या माणसाचं खातं असं चव्हाट्यावर मांडतात का? मी म्हटलं, तुमची ती अब्रू आणि आमचा तो हिशेब होय? माझं अजून घातलेलं नाही. तुमचं राहिलं तर माझंही घालते, तुमचं निघालं तर माझं कधीच येणार नाही.

सासूबाई मात्र माझा फोन घेऊन पडदा वरखाली करत होत्या.

"यात माझं खातं कुठंय?"

"तुझं खातंच नाही," अप्पा म्हणाले. "तुला कशाला हवंय खातं?"

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या अप्पांकडं वळल्या.

"तुम्हाला दाखवायचं नाही म्हणून."